ताईंचं पाऊल आणि माझं शिलाई मशीन

"फूट ड्रॉप आहे," डॉक्टर म्हणाले. ताईंनी लगेच आपल्या पायाकडे बघितलं, म्हणजे मोठं काहीतरी असणार. मी चौथी शिकलेली, मी काय विचारणार? डॉक्टरांनीच समजावलं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने पेरोनियल नर्व्ह नावाची नस जाते. ती दबली की पाऊल वर उचलत नाही, नुसतं लोंबतं. नस तुटली नसेल तर पाऊल परत येतं. पण कधी आणि किती, ते आज सांगता येणार नाही.

घाटकोपरला ताईंकडे मी अकरा वर्षं स्वयंपाक करते. त्या एकट्या राहतात. त्यांचं दोन माणसांचं जुनं विमान आहे, ते मुंबईबाहेरच्या धावपट्टीवर असतं. त्या रविवारी उतरताना बाजूने वारा आला. चाकं टेकली, पण विमानाचं तोंड डावीकडे वळलं आणि ते भोवऱ्यासारखं गरकन फिरून गवतात गेलं. ताईंचा उजवा पाय आत अडकला.

विमान हातातून सुटलं, असं मी शेजारणीला सांगत होते. "हातातून नाही गं, पायातून," ताई आतून म्हणाल्या. जमिनीवर विमान पायांनी वळवतात. म्हणजे पाऊल आलं नाही, तर ताईंचं विमान संपलं.

तीन आठवड्यांनी नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. पायाला बारीक करंट देतात आणि नस तो पुढे नेते का ते बघतात. बाहेर बाकावर मी देवाचं नाव घेत बसले. नस दबली आहे, पण जिवंत आहे, असं निघालं. जाताना ताईंनी कॅन्टीनमध्ये मला दोन वडे खायला लावले.

मग व्यायाम. पायात टॉवेल अडकवून ओढायचा, दिवसातून चार वेळा. ताई आठव्या दिवशी कंटाळल्या. टॉवेल खिडकीत वाळत पडला.

मला घरचं माझं पायाने चालवायचं शिलाई मशीन आठवलं. फिजिओथेरपी करणारी मुलगी आली तेव्हा फरशीकडे बघत मी विचारलं, ताईंनी ते चालवलं तर चालेल का? अकरा वर्षांत परक्या माणसाला मी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मोटर नाही ना त्याला? मग झकास," ती म्हणाली. चांगला पाय जोर लावेल, दुखरा त्याच्यासोबत जाईल. रोज दहा मिनिटं. टॉवेलही सोडायचा नाही.

मशीन मी ताईंकडे आणलं. पहिल्या दिवशी चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. दुसऱ्या दिवशी शिवण डावीकडे पळत कापडाच्या बाहेर गेली.

"ताई, सुईकडे बघू नका," मी म्हटलं. "कापडाची पुढची कड बघा. सुई मागून येते."

ताईंचे पाय थांबले. मला वाटलं, रागावल्या.

"त्या दिवशी मी चाकापुढचीच जमीन बघत होते, सुमन. धावपट्टीचं टोक बघायला हवं होतं." आणि मग त्या हसत सुटल्या. "चाळीस तास विमान शिकवलं गं मला, आणि कळलं तुझ्याकडे."

तिसऱ्या महिन्यात अंगठा हलला. मी पोळी तव्यावर टाकून धावले. पोळी जळली, तीच आम्ही गूळ लावून खाल्ली. कुणाच्या घरी असं पाऊल लटकलं असेल तर सांगते, अंगठ्यावर नजर ठेवा. आमच्याकडे तरी तो आधी जागा झाला. पुढे पाऊलही उचललं, आणि डॉक्टरांनी ते दोन्ही हातांनी दाबून ताकद बघितली. तोवर ताईंचे नऊ अभ्रे शिवून झाले होते. पहिला, वाकडा, मी मागून घेतला.

तपासण्या झाल्यावर, शेजारी शिकवणारे सर बसवून, ताईंनी परत विमान उडवलं. मी गवताच्या कडेला उभी होते. विमान टेकलं, एकदा हलकंसं उसळलं, आणि पट्टीच्या मधोमध सरळ धावत गेलं.

ताई उतरल्या. काठी नव्हती. लांबूनच ओरडल्या, "सुमन, शिवण कशी?"

तिथे दहा माणसं तरी उभी होती. तरी मी मोठ्याने सांगितलं, "सरळ आहे, ताई. पण एक टाका उडाला."