उलट्या शिवणीचं पुस्तक

किनुए मोरोझुमी आणि मी गेली सव्वीस वर्षं जपानातल्या कामो गावच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी उभ्या आहोत. रोज चारशे मुलांचं जेवण. मी तोंडाची फटकळ, ती मुखदुर्बळ. सुपाचं पातेलं वर्गातून रिकामं परत आलं की ही बया त्याच्या तळाकडे बघून गालातल्या गालात हसते. मला वाटायचं, स्वभावच असेल. त्यामागे एक मांगा, म्हणजे चित्रांतून सांगितलेली गोष्ट आहे, हे मला गेल्या वर्षी कळलं.

गोष्ट मिनाए नावाच्या मुलीची. डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात ती एकटी राहायची. वर चढून येईल त्याला गरम सूप वाढायची, आणि का आलास म्हणून कधी विचारायची नाही. मुलींच्या एका मासिकात ही गोष्ट दर महिन्याला यायची. किनुए तेव्हा तेरा वर्षांची. वडील घर सोडून गेलेले, आई दिवसभर मागावर. ही शाळेतून येऊन सूप करायची आणि मिनाएची वाट बघायची.

पुढे ते मासिकच बंद पडलं. शेवटचा अंक आला त्या दिवशी किनुएची परीक्षा होती, म्हणून अंक रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवून ती शाळेत गेली. दुपारी रद्दीची गाडी आली. आईने सुतळीने गठ्ठा बांधला, गाडीवाल्याला दिला आणि बदल्यात संडासाच्या कागदाच्या चार गुंडाळ्या घेतल्या. ही गोष्ट पुस्तकरूपात कधी निघालीच नाही.

"चव्वेचाळीस वर्षं झाली, हिसानो," ती कांदे चिरता चिरता म्हणाली. "मिनाए केंद्र बंद करून खाली उतरून गेली का, एवढंच मला कळायला हवंय."

"अगं, मग विचार की कुणाला!"

"कुणाला? ज्याला त्याला विचारलं. असं काही नव्हतंच म्हणतात."

मग मीच तिच्या मागे लागले. निगाता शहरात वर्षातून दोनदा हौशी लोक स्वतःची छापलेली मांगा घेऊन एका मोठ्या हॉलमध्ये बसतात. तिथे टेबल मांड म्हटलं. हिने सहा महिने खपून बत्तीस पानं काढली. आवडती मांगा कोणती, आणि ती मनाला का चिकटून बसली, सगळं त्यात होतं. शेवटच्या पानावर एक बंद दार काढलं आणि खाली लिहिलं, "शेवटचा भाग मी वाचलेला नाही. कुणी वाचला असेल तर कृपा करून सांगा."

छापखानेवाले खोकी परस्पर हॉलमध्ये टेबलाखाली आणून ठेवतात. त्यामुळे आमचं पुस्तक आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते त्या सकाळीच. खोकं उघडलं आणि किनुएचा चेहरा पांढराफटक पडला.

शिवण डावीकडे! मांगा उजवीकडून वाचायची, शिवण उजव्या हाताला हवी. हात सवयीने पुस्तक उघडायला जाणार आणि समोर शेवटचं पान येणार.

"छापखान्याने घोळ घातला!" मी बाह्या सरसावल्या. "थांब, आत्ता फोन लावते."

"नको गं. माझीच चूक," ती पुटपुटली. पालकांना वाटायची पाककृतींची पत्रकं तीच दर महिन्याला छापायला पाठवते. ती आडव्या ओळींची, डावीकडून उघडणारी. मांगाचा अर्ज भरतानाही हिने त्याच चौकोनात खूण केली होती.

"सव्वीस वर्षं भात शिजवून डोक्याचाही भात झालाय तुझ्या," मी म्हणाले. लगेच वाईट वाटलं मला, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

ती खोकं पुन्हा टेबलाखाली सारायला निघाली. मी तिच्या हातून एक प्रत हिसकावली आणि नमुना म्हणून समोर ठेवली. दोन तास लोक येत होते. नमुना उचलायचे, गोंधळायचे, वाकून नमस्कार करून जपून खाली ठेवायचे. किनुए प्रत्येकाची माफी मागत होती. मला तर चीड यायला लागली होती.

मग एक बाई आल्या. आमच्याच वयाच्या, हातात भाताच्या गोळ्यांचा डबा. त्यांनी प्रत उचलली, सवयीने उघडली आणि तशाच उभ्या राहिल्या. पुढचं पान नाही, मागचं पान नाही.

"हे दार..." त्या म्हणाल्या. "हे मिनाएचं ना?"

किनुए उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"तुम्हाला माहीत आहे?"

"अहो, मला वाटायचं मीच तापात रचली ही गोष्ट! आमच्या घरी कुणाचा विश्वास बसायचा नाही." बाई रडतही होत्या आणि हसतही होत्या. "शेवटचा अंक होता माझ्याकडे. दवाखान्यात वाचला होता."

"मग ती गेली का? खाली उतरून?" किनुएचा आवाज तेरा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता.

"छे हो. बर्फ पडत होतं, कुणीच आलं नाही त्या दिवशी. तिने रोजच्यासारखं सूप केलं. दोन वाट्या मांडल्या आणि बसली."

"आणि दार?"

"उघडंच होतं. बर्फ आत येत होतं तरी."

किनुए टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि मोठ्याने रडली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग त्या दोघी माझ्या खुर्चीवर दाटीवाटीने बसल्या आणि मिनाएचा स्वेटर लाल की पिवळा यावरून चक्क भांडायला लागल्या. मासिक तर एका शाईत छापलेलं होतं! मी भाताचा एक गोळा उचलला आणि गुपचूप खाल्ला.

निघताना मी म्हटलं, "पुन्हा छापून घे, नीट शिवणीची."

"अशीच राहू दे," किनुए म्हणाली. "फक्त दार तेवढं उघडं काढायला हवं."

तिने पेन घेतलं आणि उरलेल्या एकेका प्रतीत, शेवटच्या पानावर, ती हाताने दार उघडायला बसली.