पंचेचाळीसच्या समोर कोणी नाही

भाजककाकांना माणसाचं नाव लक्षात राहायचं नाही, पण घरनंबर एकदा ऐकला की कायमचा. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले, तेव्हा टेम्पोतून सामान उतरत असतानाच त्यांनी विचारलं, "कितवं घर?" म्हटलं, चारशे तीन. क्षणभर डोळे मिटले आणि टाळी वाजवली. "तेरा गुणिले एकतीस! मूळ संख्येचा आव आणतेय लबाड!" गणितात कायम काठावर पास झालेली मी हबकलेच. चहाला मात्र त्यांनीच बोलावलं.

काशीमिऱ्याच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. कुणाचा टोकन नंबर मूळ, कुणाचा वर्ग, सगळं तोंडपाठ. काकू गेल्यापासून एकटेच राहायचे.

त्यांना एकच हाव होती, २०२५ साल बघायची. "चव्वेचाळीसचा वर्ग एकोणीसशे छत्तीस. मी जन्मलो सदतीसला. एका वर्षानं हुकलं गं! पंचेचाळीसचा तरी गाठणारच." मग आवाज चढायचा. "वीस आणि पंचवीस मिळव, पंचेचाळीस. त्याचा वर्ग कर, परत दोन हजार पंचवीस! एक ते नऊचे घन मिळव, तरी तेच! आहे का असं दुसरं साल?" मी चक्क वही घेऊन घन मिळवले. उत्तर जुळलं तेव्हा धावत दोन जिने उतरून त्यांना सांगायला गेले.

आणि २०२४च्या डिसेंबरातच काकांना न्यूमोनिया झाला. मी फार घाबरले होते. नाकात नळी घेऊन काका डॉक्टरांना म्हणाले, "बरं नंतर करा हो. आधी एक तारखेला घरी सोडा."

सोडलं! एक जानेवारीच्या सकाळी व्हीलचेअरवरून ते कंपाउंडमध्ये आले. त्यांच्या हुकमाप्रमाणे जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे २०२५चे पंधरा भाजक मी लिहून ठेवले होते. सोसायटीतल्या एकेकाच्या गळ्यात एकेक पान. एकच्या समोर २०२५, तीनच्या समोर ६७५, पंचवीसच्या समोर ८१. समोरासमोरच्या दोघांचा गुणाकार २०२५च. अशा सात जोड्या, आणि मधोमध ४५ अडकवलेले काका.

ते एकटे पडलेले पाचशे तीनच्या हेतलबेनला बघवेना. तान्ह्या मुलीला घेऊन ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, आप अकेले क्यों? हम आते हैं ना आपके सामने."

"हटो, हटो!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "पैंतालीस का जोडीदार खुद पैंतालीस! इसीलिए तो वर्ग है!"

हेतलबेन ओशाळली. सगळे खो खो हसले, काका सर्वांत जास्त. इतका आनंदी माणूस मी पाहिलेला नाही.

त्या वर्षीच्या गणपतीनंतर काका गेले. आदल्या आठवड्यात त्यांनी मला एक पाकीट दिलं होतं. आत त्यांच्या थरथरत्या अक्षरातली नऊ पानं. "पुढचं साल २११६. शेहेचाळीसचा वर्ग. भाजक नऊच, माणसं कमी लागतील." मग ४६चं पान वेगळं काढून म्हणाले, "हे पाचशे तीनच्या पोरीला दे. नव्वदीत असेल तेव्हा. मी गाठलं, ती पण गाठेल."

हेतलबेननं ते पान मुलीच्या जन्मदाखल्यापाशी ठेवलंय. काकांची आठवण आली की मी पाचशे तीनमध्ये जाते, पोरीला मांडीवर घेते आणि भाजक म्हणून दाखवते. एक, दोन, चार, तेवीस... मग थांबते आणि तिच्या पोटावर बोट टेकवते. ती खिदळते.