टॉल मी, हाय ती

माझी बायको टॉवर क्रेन चालवते. हे मी कुणालाही, न विचारता सांगतो. केस कापायला बसलो की कापणाऱ्याला सांगतो, दवाखान्यात नंबर लावून बसलो की शेजारच्याला सांगतो. मी ताडमाड माणूस आहे, त्यामुळे ऐकणारा मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो आणि म्हणतो, "मग त्यासुद्धा तुमच्यासारख्याच उंच असतील!" इथे मला खरी मजा येते. मी हात छातीच्याही खाली धरून दाखवतो आणि म्हणतो, "एवढी."

साइटवर तिला सगळे लवंगी म्हणतात आणि मला बांबू. मला बांबू कुणी केलं ते माहीत नाही, पण तिला लवंगी मुकादमाने केलं. तेव्हा ती खाली काम करायची, क्रेनच्या हुकाला ओझी बांधायची. एकदा घाईघाईत मुकादमाने एक झिजलेला पट्टा पुढे केला. तिने तो उलटसुलट करून बघितला, सुरी घेऊन मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात ठेवले. "आता कुणी चुकूनसुद्धा वापरणार नाही," म्हणाली. मुकादम लालबुंद झाला, नको नको ते बोलला, आणि त्यानंतर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ओझं बांधू देईना.

आमचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली होती. "चला, घरातले दिवे बदलायला शिडी लागणार नाही!" बिचाऱ्यांना काय माहीत! मला उंचावर अजिबात चढवत नाही. शिडीची दुसरी पायरी आली की हातापायाला मुंग्या येतात, गच्चीच्या कठड्यापाशी तर मी जातच नाही. दिवे तीच बदलते. वरच्या फळीवरचा डबा मी नुसता हात लांब करून काढू शकतो, पण तेही तिला चालत नाही. "माझी मी काढेन," म्हणते आणि ओट्यावर चढते. आरसासुद्धा तिच्या मापाने लावलाय, वाकलो नाही तर मला त्यात माझी हनुवटीच दिसते. एकंदरीत घर तिच्या उंचीचं आहे आणि मी त्यात मान सांभाळून राहतो. तक्रार करत नाही, नुसतं सांगतोय.

क्रेन शिकायचं ठरवलं तेव्हा तिने मला विचारलं नाही, कळवलं. वर मलाही त्यात ओढलं. "तुम्ही सिग्नलचं शिका. पाय जमिनीवरच राहतात, आणि एवढ्या गर्दीत तुम्ही लांबून दिसता तरी." सिग्नलवाला म्हणजे खाली उभा राहून वॉकीटॉकीवर क्रेनला सांगणारा माणूस. वर घे, खाली सोड, थांब. तोल सांभाळायचा प्रश्न नव्हता, म्हणून मी हो म्हटलं. दोघांचे वर्ग एकाच खोलीत भरायचे.

तिथले मास्तर जन्मभर क्रेन चालवून कानाने थोडे अधू झाले होते, त्यामुळे साधी गोष्टसुद्धा ओरडून सांगायचे. यंत्रावरचे सगळे तक्ते इंग्रजीत असतात, म्हणून एक दिवस त्यांनी फळ्यावर दोन इंग्रजी शब्द लिहिले, टॉल आणि हाय. "अर्थ सांगा!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "उंच!"

"दोन्हीचा?"

"दोन्हीचा!"

"मेलात!" मास्तर म्हणाले. "स्वतः मेलात आणि खालच्या चार जणांना घेऊन मेलात!"

मग त्यांनी मला पुढे बोलावून फळ्यापाशी उभं केलं आणि बायकोला टेबलावर चढायला सांगितलं. ती चढलीसुद्धा. "आता बघा," मास्तर ओरडले. "टॉल कोण? हा. याच्या पायापासून याच्या डोक्यापर्यंत मोजा. गच्चीवर न्या नाहीतर तळघरात न्या, हा तेवढाच टॉल. आणि हाय कोण? ही. जमिनीपासून किती वर आहे ते बघा. हिला खाली उतरवली की हिचं हाय संपलं."

"उतरवताय कशाला?" टेबलावरून ती म्हणाली. "मी इथे बरी आहे."

वर्ग हसला, मास्तरही हसले. मग सगळ्यांना चेवच आला. कपाट टॉल, कपाटावरची बॅग हाय. धुराडं टॉल, त्याच्यावर बसलेला कावळा हाय. इमारत टॉल, तिच्या शेवटच्या मजल्याची खिडकी हाय. ढग हाय, पण ढगाला टॉल म्हणायचं नाही, कारण बिचाऱ्याला पाय कुठे आहेत? एकाने विचारलं, "आणि डोंगर?" मास्तरांनी डोकं खाजवलं. "डोंगराला हाय म्हणतात. का म्हणतात ते डोंगराला विचारा." मला मनातून वाटलं की आपण इतकी वर्षं एकाच 'उंच'वर सगळा संसार चालवला, कुठे काय अडलं? पण मास्तर तिथेच थांबले नाहीत.

"ओझं टॉल असतं, भिंत टॉल असते. हुक हाय असतो. भिंत, ओझं आणि ओझ्याला बांधलेला पट्टा, हे सगळं हुकाच्या खाली मावलं पाहिजे. आणि आता कान उघडे ठेवून ऐका. केबिनमधून खाली बघितलं की टॉल दिसतच नाही. माणूस म्हणजे नुसती टोपी दिसते. खांब म्हणजे ठिपका. तुम्ही जितके हाय, तितकं खालचं सगळं चपटं. कोण किती उभं आहे, हे खालच्याने सांगायचं आणि वरच्याने ऐकायचं."

ती टेबलावरून उतरली आणि जाता जाता माझ्याकडे एकदा नीट बघून गेली. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या उंचीचा काही उपयोग होईल असं मला वाटलं.

दोघंही पास झालो. तिला परवाना मिळाला, पण परवाना मिळणं वेगळं आणि केबिन मिळणं वेगळं. आमच्या साइटचा जुना क्रेनवाला काम सोडून चालला होता. साइटचे मोठे साहेब माणूस सरळ, पण फुंकून फुंकून पाऊल टाकणारे. त्यांना तिच्या कामाची शंका नव्हती, शंका माझी होती. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्टच सांगितलं.

"नवरा-बायको एका क्रेनवर मला नको वाटतात. वेळ आली तर हा तुला थांब म्हणायला कचरेल. चारचौघांत तुझं काम बिघडलेलं दिसू नये म्हणून गप्प बसेल. आणि त्या गप्प बसण्यात कुणाचा तरी जीव जाईल."

"नाही बसणार," ती म्हणाली. माझ्या वतीने उत्तर द्यायची तिला सवय आहे.

साहेब माझ्याकडे बघत होते. मीही म्हटलं, "नाही बसणार." पण खरं सांगायचं तर माझं मलाच माहीत नव्हतं.

शेवटी ठरलं की एक सकाळ बघायची. काम नीट झालं तर केबिन तिची. नाहीतर बाहेरून क्रेनवाला आणायचा आणि तिने पुन्हा खाली पट्टे बांधायचे. तिने त्या केबिनसाठी काय काय केलं होतं ते मी बघितलं होतं. स्वयंपाक करताना पळीचा दांडा धरून ती ब्रेकचा सराव करायची. ती पुन्हा खाली आली असती तर मला ते बघवलं नसतं.

त्या सकाळी ती क्रेनच्या आतल्या शिडीने चढायला लागली. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो, कारण ती चढताना बघितलं तरी मला गरगरतं. जरा वेळाने वॉकीटॉकी खरखरली. "अहो, ऐकू येतंय का?" अख्खी साइट हसली. साहेबांनी आपल्या वॉकीटॉकीवरून बजावलं, "इथे अहो-बिहो नाही. क्रेन आणि सिग्नल, एवढंच." "बरं," ती म्हणाली. "सिग्नल, ऐकू येतंय का?"

छोटीमोठी कामं झपाझप झाली. वाळूची पोती, फळ्यांचे गठ्ठे. हुक असा अलगद खाली येत होता की जणू पोटचं पोर पाळण्यात ठेवतेय. मुकादम मला कोपराने ढोसून म्हणाला, "लवंगीचा हात चांगलाय रे!" माझी छाती फुगली.

मग पिंजरा आला. सळया उभ्याआडव्या बांधून खांबाचा जो सांगाडा करतात, त्याला आम्ही पिंजरा म्हणतो. हा दीड मजल्याएवढा टॉल होता. तो उभाच उचलून, लिफ्टसाठी बांधत आणलेल्या भिंतीवरून पलीकडे न्यायचा होता. दुसऱ्या बाजूने वळवायची सोय नव्हती, कारण तिकडे रस्ता होता आणि माणसांच्या डोक्यावरून ओझं न्यायचं नसतं. भिंत गेल्या काही दिवसांत भराभर वाढली होती, क्रेनची उंची वाढवणारा पुढचा टप्पा मात्र अजून चढवायचा होता. त्यात काँक्रीटच्या गाड्या फाटकात येऊन उभ्या होत्या. पिंजरा बसला की लगेच हुकाला काँक्रीटची बादली लावायची होती. काँक्रीट कुणासाठी थांबत नाही, ते घट्ट व्हायला लागतं. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

पिंजरा वर गेला आणि भिंतीकडे सरकायला लागला. मी भिंतीच्या माथ्यावर डोळे लावून उभा होतो. माथ्यावर सळयांची टोकं उभी होती, आणि पिंजऱ्याचा तळ त्या टोकांच्या वीतभर खाली होता.

"क्रेन, वर घे," मी म्हणालो.

"वर संपलं, सिग्नल. हुक शेवटाला लागला."

ओझं हळूहळू पुढे येतच होतं. वरून तिला पिंजरा म्हणजे एक चौकोन दिसत असणार आणि भिंत म्हणजे एक रेघ. तळ कुठे आहे ते तिला दिसणं शक्यच नव्हतं. मला मात्र ढळढळीत दिसत होतं. मुकादम कानाशी पुटपुटला, "जरासं घासेल. वाकल्या दोन सळया तर मी सरळ करून घेईन. तिचं काम होऊ दे." फाटकातल्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. थांब म्हटलं की ओझं परत खाली जाणार, गाड्या खोळंबणार, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिची सकाळ वाया जाणार. पळीचा दांडा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"क्रेन," मी म्हणालो, "थांब."

ओझं जागच्या जागी थांबलं. असं थांबलं की हेलकावासुद्धा फारसा खाल्ला नाही.

"जात नाही. तळ लागतोय. खाली घे."

"घेते," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "खाली कोण आहे? लांब पट्टे काढा, आखूड साखळ्या लावा. हुक आणि पिंजरा यांच्यातलं अंतर कमी झालं की तेवढा पिंजरा वर येईल."

पिंजरा खाली आला. साखळ्या बदलण्यात बराच वेळ गेला. गाड्यांचे हॉर्न चालूच होते, एक ड्रायव्हर उतरून शिव्या द्यायला लागला. मी एकदाही साहेबांकडे बघितलं नाही. दुसऱ्यांदा पिंजरा भिंतीवरून गेला तेव्हा तळ आणि टोकं यांच्यात चांगलं हातभर अंतर होतं. पलीकडे तो आपल्या जागी बसला आणि मला पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

दुपारी ती खाली उतरली. पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी होती तेवढ्यात साहेब आले. "केबिन तुझी," त्यांनी तिला सांगितलं. मग माझ्याकडे बोट केलं. "सिग्नलला कोण हवं, ते तू ठरव. हाच पाहिजे असा हट्ट नाही."

ती सावकाश पाणी प्यायली. बाटलीचं झाकण लावलं. मी तिथे, शाळेत निकाल ऐकायला पोरगा उभा राहावा तसा उभा.

"हाच," ती म्हणाली.

घरी जाताना मी फारच खुशीत होतो. रस्त्याने चालता चालता तिला म्हणालो, "बघ, तुला वरून काही दिसत नव्हतं. मी होतो म्हणून निभावलं."

"कळलं होतं मला," ती म्हणाली. "हुक शेवटाला लागल्यावर बझर वाजतो. पिंजरा केवढा आहे ते मी सकाळीच बघून गेले होते. ब्रेकवर हात होता माझा."

मी रस्त्यातच उभा राहिलो. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का ते ऐकायचं होतं."

"आणि नसतो बोललो तर?"

"तर मीच थांबवलं असतं. आणि खाली उतरून साहेबांना सांगितलं असतं, की तुमचं बरोबर आहे, मला दुसरा सिग्नलवाला द्या." ती चालतच राहिली होती. चार पावलं पुढे गेल्यावर वळून म्हणाली, "उद्या मला तुमच्या शब्दावर माणसांच्या जवळून ओझी न्यायची आहेत, अहो. नवरा म्हणून तुम्ही कसेही चालला असतात."