घारीसाठी पावशेर

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आम्ही तीन माणसं, आणि तिघंही पक्की शाकाहारी. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय आई पाण्याचा घोट घ्यायची नाही. ‘अंडं’ हा शब्दसुद्धा तिनं घरात कधी उच्चारला नव्हता. नव्वदच्या दशकात अशा या घरात तीन मांजरं, एक घारीचं पिल्लू आणि एक घोरपड राहायला होती. पोपट आणि कासवही होतं, पण त्यांची आईला चिंता नव्हती. “ती दोघं आपल्यातली हायत,” असं ती म्हणायची.

हा गोतावळा वडिलांमुळं जमलेला. ते जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे. दवाखाना गाई-म्हशींचा, पण लोक काहीही आणून टाकायचे. मग वडील ते पिशवीत घालून, पिशवी सायकलला अडकवून घरी आणायचे. घोरपड तशीच आली. कुत्र्यांनी तिची शेपटी फाडली होती. “चारच दिवस” म्हणून आलेली ती न्हाणीतल्या जाळीच्या पेटीत तीन महिने राहिली. आपण अंघोळ करत असताना ती जीभ आतबाहेर करत एकटक बघत बसायची. माझी एक मैत्रीण मुक्कामाला आली होती, ती सकाळी अंघोळ न करताच घरी गेली.

आई-वडिलांमध्ये याबाबत एक करार होता. मटण मागच्या दारानं यायचं, परसातच कापायचं, सुरी वेगळी, ताटली वेगळी. नंतर वडिलांनी लाल साबणानं तीनदा हात धुवायचे. तेवढा वेळ आई पुढच्या खोलीत रस्त्याकडं तोंड करून बसायची, जणू हे सगळं शेजाऱ्यांच्या घरात चाललंय.

मी अकरावीत असताना वडिलांना गारगोटीकडं लसीकरणाला पाठवलं. आतल्या वाड्यांत मुक्काम, महिनाभर येणं नाही. निघताना त्यांनी आईसमोर विषय काढला.

“मी न्हाय हात लावणार,” आई म्हणाली. “दूध-भात घालतो.”

“अगं, घार हाय ती. दूध-भात खाती व्हय?”

“आपल्या घरात ऱ्हायचं तर शिकंल की.”

वडील हसले आणि गाडीला उशीर होतोय म्हणून निघून गेले. ते हसायला नको होते. आईनं ते मनावर घेतलं.

पहिल्या दिवशी तिनं पिल्लासमोर दूध-भाताची ताटली ठेवली. पिल्लू त्यात पाय बुडवून उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे केले, त्यांना वरनं तिखट लावून लालही केलं. “दिसायला तसंच दिसतंय,” ती मला म्हणाली. पिल्लानं एक तुकडा उचलला आणि तिच्या अंगावर फेकला. मांजरांची सोय गल्लीतल्या चार स्वयंपाकघरांत आधीच झालेली होती. घोरपडीला उपासाचं काही वाटत नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी घारीनं मान टाकली. आई हाक मारायची आणि पिल्लू डोळे अर्धेच उघडायचं.

त्या सकाळी आईची पूजा लांबली. नंतर तिनं गळ्यातलं लिंग पदराखाली नीट झाकलं, कापडी पिशवी घेतली आणि मला म्हणाली, “चल. आणि इकडं-तिकडं बघू नगंस.”

मटणाच्या दुकानात गर्दी होती. आई अशी उभी राहिली की दुकानदाराला तिची फक्त पाठ दिसावी.

“बोला मावशी, काय देऊ?”

“पावशेर.”

“कुठलं? मांडीचं का बरगडीचं?”

आई रस्त्याकडंच बघत म्हणाली, “कवळं बघून द्या. जून नको.”

“मटण हाय हो मावशी, भेंडी न्हवं.” लोक हसले. “सुकं करणार का रस्सा? त्या मापानं तोडतो.”

“कच्चंच,” आई म्हणाली. “कच्चंच खात्यात.”

दुकानदाराचा हात थांबला. “कोण?”

“घरातली.”

यानंतर गर्दीनं आम्हाला आपणहून वाट करून दिली.

घरी येऊन तिनं डोळे मिटून तुकडे केले आणि चिमट्यात धरून पिल्लासमोर नेले. पहिला तुकडा त्यानं हळूच ओढला. मग मान उंचावून असा काही ओरडा केला की आई दचकली आणि लगेच दुसरा दिला. तिसऱ्या तुकड्याला तिचे डोळे उघडे होते. पाचव्याला ती त्याच्याशी बोलत होती.

त्यानंतर ती दिवसाआड जायला लागली. घोरपडीसाठी अंडी आणायची, त्यांना ‘पांढरी वांगी’ म्हणायची. बातमी फिरायला वेळ लागला नाही. दहाव्या दिवशी निपाणीकडनं तिचा थोरला भाऊ आला. टोपीसुद्धा न काढता खुर्चीत बसला. धाकट्या बहिणीला तो कानडीत ‘तंगी’च म्हणायचा.

“तंगी, काय ऐकतोय मी? तू मटण आणतीस?”

“आणतो की.”

“आणि वर तोंड करून सांगतीस?”

“अण्णा, उठ. चल माझ्यासंगं.”

तिनं त्याला आधी न्हाणीत नेलं. घोरपडीनं जीभ बाहेर काढली. मामा दारातूनच मागं सरला. मग गच्चीवर घार दाखवली. एव्हाना ती चांगली फोफावली होती. आईनं चिमट्यानं तुकडा पुढं केला, घारीनं तो हिसकावला आणि वाकून बघणाऱ्या मामाची टोपीही ओढून घेतली. मामानं बोडक्या डोक्यावरनं हात फिरवला. “भूक मोठी हाय की हिला,” एवढंच म्हणाला. जेवला, मुक्कामाला थांबला, पण सकाळी अंघोळ केली ती गच्चीवर.

महिन्यानं वडील परतले आणि उत्साहानं घारीला भरवायला गेले. तिनं त्यांच्या अंगठ्याचं रक्त काढलं. आई पुढं झाली. “तुमी बाजूला व्हा. काळीज एकदम घालायचं नसतंय तिला, पोट बिघडतं.” सव्वीस वर्षं नोकरी केलेला माणूस मुकाट्यानं बाजूला झाला. पट्टी आईनंच बांधली, आणि ती चुकली असं वडील आजही म्हणतात.

घोरपडीला आम्ही एका रविवारी डोंगरात सोडलं. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. घार मात्र उडायला लागल्यावरही आठ-दहा दिवस समोरच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसायची आणि आईनं हाक मारली की कठड्यावर यायची. मग एके दिवशी आली नाही. आई तुकडे घेऊन ऊन चढेपर्यंत उभी होती. नंतर खाली आली, तुकडे मांजरांना घातले आणि भाकऱ्या थापायला बसली.

आठवडा गेला. वडील कामावरनं आले, तेव्हा चहा पिऊन होताच तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “दवाखान्यात काय नवीन आलंय का?”

“एक कबुतर हाय. पाय मोडलाय.”

“खातंय काय?”

“ज्वारी.”

आईचा चेहरा जरा पडला. चहाची कपबशी उचलून ती आत निघाली आणि दारातनं म्हणाली, “बरं... आणा तर मग.”