स्वतःच्या भिंतीवरची तारीख

आयिटे लारयेला आमच्या वस्तीत कुणी नावानं हाक मारत नसे. ‘लाल आला’ म्हणत आणि दारं लावून घेत. अक्रा शहराच्या पश्चिमेला जिथं नवी घरं उठतात, तिथं नगरपालिकेनं त्याच्या हातात लाल रंगाचा डबा, ब्रश आणि एकच वाक्य दिलं होतं: ‘काम थांबवा, परवाना दाखवा.’ खाली तारीख. तोवर परवाना दाखवला नाही तर यंत्र येऊन भिंती पाडणार. सतरा वर्षं तो एवढंच लिहीत आला. अक्षर मात्र इतकं देखणं की शिव्या देणारेही घटकाभर बघत राहत.

आणि या शहाण्यानं स्वतःचं घर बांधलं ते परवान्याशिवाय. हसू येईल, पण आमच्याकडे सगळे असंच बांधतात. जमीन ज्या घराण्याची, त्यांच्या म्हाताऱ्यांपुढे त्यानं श्नॅप्सच्या दोन बाटल्या ठेवल्या. थोरल्यानं पूर्वजांची नावं घेत थोडी दारू मातीवर ओतली, आजपासून ही तुझी म्हणाला, आणि काम झालं. कागदपत्रं काय, छप्पर चढल्यावर बघता येतात. हातात पैसा येईल तसे सिमेंटचे ब्लॉक आणून नऊ वर्षांत दोन खोल्या उभ्या राहिल्या. बायको अफोले अंगणातच केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, वाफवून विकायची.

छप्पर चढलं तसा तो नकाशा घेऊन आपल्याच कचेरीत गेला. कारकुनानं वस्तीचा मोठा नकाशा पसरला आणि बोट ठेवलं ते निळ्या रेघेवर. घर पाण्याच्या वाटेत होतं. इथं परवाना देवालाही मिळायचा नाही, असं सांगून त्यानं ओळखीखातर अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सारला. आयिटेनं घरी येऊन बायकोला सांगितलं, परवान्याचं काम चालू आहे. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्यांच्या दारात बायाबापड्या रडायला लागल्या की पूर्वी तो खाली मान घालून लिहीत राही. आता तो मधेच थांबून त्यांच्याकडे वळून बघायला लागला.

गेल्या वर्षी नाला फुटून दोन माणसं वाहून गेली, आणि नव्या इंजिनियर बाई, मिसेस बॉटवे, नाल्याकाठचं एकेक घर तपासत निघाल्या. एका मंगळवारी सकाळी आयिटेला बरोबर घेऊन त्या त्याच्याच गल्लीत वळल्या. तिकडं चिखल आहे मॅडम, आयिटे म्हणाला. बाईंनी पायातले गमबूट दाखवले आणि पुढे झाल्या. सहा घरं झाली. सहावं एसिनाम मावशींचं होतं. भिंतीवरचा रंग ओला असतानाच मावशी मागोमाग निघाल्या. आम्ही बाकीचेही गेलो.

सातव्या दारात अफोले केंक्याच्या पातेल्याशी उभी होती.

“मॅडम, हे घर माझं आहे,” आयिटे म्हणाला.

बाई थांबल्या. “परवाना?”

“नाही.”

“माझ्या भिंतीवर कसं भराभरा लिहिलंस,” एसिनाम मावशी म्हणाल्या. “आता काय, रंग संपला?”

कुणी हसलं नाही. तुला जमत नसेल तर दुसऱ्याला बोलावते, बाई म्हणाल्या, पण लिहावं तर लागेलच, वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि माणसं मरतात. बाई दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर निदान भांडता आलं असतं.

“काम चालू आहे म्हणाला होतास,” अफोले हळूच म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या कुणाचं वेडंवाकडं अक्षर या भिंतीवर नको असं त्याला वाटलं की नोकरी जाईल म्हणून तो भ्याला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्यानं ब्रश बुडवला आणि लिहिलं. खाली तारीख घातली.

“महिना चुकला, आयिटे,” बाई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता.

त्यानं पुढचा महिना घातला होता. सतरा वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं शर्टाच्या बाहीनं तो पुसला, आणि खरा घातला.

“किती दिवस?” अफोलेनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

“एकवीस.”

ती आत गेली. जरा वेळानं खिडकीच्या काचपट्ट्या निघायला लागल्या. ती एकेक पट्टी काढून जुन्या कापडात गुंडाळत होती. बाई आठव्या दाराशी जाऊन थांबल्या होत्या. आयिटेनं डबा उचलला आणि त्यांच्या मागे गेला.