चौथा चिरा

गॅरेजमध्ये कुठलंही मशीन उघडून परत बसवलं की एक-दोन नट उरतातच. कुठले, ते कुणालाच आठवत नाही. आम्ही ते डब्यात टाकतो. किस्सेही असेच साठतात. फरक एवढाच, की डब्यातले नट मला रात्री झोपेतून उठवत नाहीत!

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या रस्त्याला आमचं गॅरेज. उस्ताद मुश्ताकचाचा, उमेदीची सगळी वर्षं गल्फमध्ये मशिनं दुरुस्त करून परत आलेले. त्यांच्या हाताखाली मी. माझी ख्याती एकच, भित्रा. आणि आमचं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे सदू, बंदरावरच्या स्किड लोडरचा ड्रायव्हर. हा लोडर म्हणजे जागच्या जागी गिरकी घेणारं बुटकं धूड, जेटीवरचा गाळ आणि कुजकी मासळी ढकलायला ठेवलेलं. खाऱ्या पाण्याने त्याचा पार्किंग ब्रेक असा गंजायचा, की एकदा लागला की लागला!

*

ब्रेक पहिल्यांदा अडकला तेव्हा सदूचा फोन आला. "चाचा, गाडी नुसती गुरगुरते. जाग्यावरना हलत नाय."

आम्ही पोचलो तर त्याने नारळ फोडून रीतसर गाऱ्हाणं घातलेलं. सदू मूळचा सावर्ड्याकडचा, देवाला सांगितल्याशिवाय स्क्रू पिळत नाही. चाचांनी खालची पत्र्याची प्लेट काढली, ब्रेकच्या पाचरीवर तीनदा हातोडी हाणली. खट्! ब्रेक मोकळा.

सदूने हात जोडले. "बघितलात? महाराजाने ऐकलान!"

"मग हातोडी पण त्यालाच मारायला सांगायची होतीस!" चाचा म्हणाले.

*

दुसऱ्या वेळी चाचा लोडरचे बकेट उचलणारे दोन्ही लोखंडी हात वर करून त्यांच्याखाली शिरले. हात वर असले की त्यांना टेकू लावायचा असतो. चाचा कुठले लावायला? "दोन मिनटांचा काम हाय रे!"

 ते हात खाली आले तर चाचांचा पापड! चुकून कुणी मशीन सुरू केलं तर? मी चावी काढून घेतली. खिशात ठेवली तर कुणी मागेल, म्हणून तोंडात धरली.

"चावी दे रे," आतून चाचा.

"ऊं."

"काय झाला?"

"ऊंऽऽ!"

मला झटका आला असं समजून चाचा धडपडत बाहेर आले. मी आधी टेकू लावला, मगच तोंड उघडलं. त्यानंतर मी काय काय ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

तेव्हापासून मी चाकांखाली जांभ्याचे चिरे लावायला लागलो. रत्नागिरीत चिऱ्यांना काय तोटा? सपाटीला दोन, उताराला चार. चाचांना हे अजिबात खपायचं नाही. "चिरे घर बांधायला असतात रे मेल्या, गाडी बांधायला नाय!"

एकदा अलोऱ्याला मेव्हण्याकडे गेलो. त्याच्या नव्या कोऱ्या गाडीखाली सवयीने चिरा लावला आणि सांगायचं विसरलो. सकाळी त्याने गाडी काढली. बंपर गेला! मेव्हणा अजून मला "चिरेबंदी पाहुणे" म्हणतो.

*

"सुटला!" हा आमच्या गॅरेजमधला सगळ्यात गोड शब्द. गंजलेला नट तासभर दमवून फिरला की चाचा तो शब्द ओरडणार आणि मग चहा येणार. बंदरावर मात्र हाच शब्द कानावर पडला की माणसं पळत सुटतात. तिथे सुटतो तो दोर, नाहीतर ट्रॉली, नाहीतर अख्खी होडी.

*

आणि मग ती दुपार. मासळीचा लिलाव अगदी रंगात आलेला. लोडरचा ब्रेक अडकला तो नेमका होड्या ओढायच्या उतारावर. तोंड खाली, पाण्याकडे. बकेट काढलेली, हायड्रॉलिकचे पाइप सोडलेले. तीन टनांचं वजन नुसतं त्या अडकलेल्या ब्रेकवर उभं! या मशीनचं दार असतं पुढच्या बाजूला. म्हणजे दुरुस्त करणारा माणूस मशीन आणि पाणी यांच्या मधोमध. चाचा तिथे जाऊन उभे राहिले.

मी चार चाकांना चार चिरे लावले. 

"झाला बांधकाम?" चाचा हसले आणि आत वाकले.

एक ठोका. दुसरा. तिसऱ्याला चाचा आनंदाने ओरडले, "सुटलाऽऽ!"

लिलाव जागच्या जागी मोडला! बायका टोपल्या टाकून पळाल्या, सदू बर्फाच्या ढिगावर चढला. मी तेवढा उभा. शौर्य वगैरे काही नाही, पायच उचलत नव्हते. चाकांखाली चिरे करकरायला लागले. जांभा दगड तो, मऊ. एक फुटला. मग दुसरा. तिसऱ्याचा लाल भुगा माझ्या बुटांवर उडाला. मशीन चाचांच्या छातीला टेकलं होतं. मला त्यांना हाक मारायची होती, पण तोंडात चावी नसूनही आवाज फुटेना.

चौथ्या चिऱ्यावर मशीन थांबलं.

सदूने धावत येऊन चाकांना ओंडके लावले. चाचा बाहेर आले. त्यांनी तो लाल भुगा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. वाकून चौथा चिरा उचलला, रुमालाने पुसला, स्कूटरवर पायांशी ठेवला आणि चहा न घेता घरी गेले.

संध्याकाळी चाचीचा फोन. "अरे, हे एकच चिरा घेऊन घरी आलेत. कशाला म्हणून विचारला, तर म्हणतात..."

"काय म्हणतात?"

"घर बांधायला!"