तीन रंगांचा बोका

सुभद्रा मॅडम रागीट आहेत, हे उटनूरमध्ये कोणाला सांगावं लागत नसे. नोकरीभर त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरही सगळं गाव त्यांना वर्गासारखंच दिसे. भाजीवाल्याने सडका टोमॅटो खाली दडवला की त्या सरळ तराजूत हात घालत. ग्रहणात गरोदर बाईने सुरी धरू नये, असं कोणी म्हटलं की त्यांचा आवाज बसस्टँडपर्यंत जाई. नवरा होता तोवर तो हळूच म्हणायचा, "जाऊ दे." तो गेला, आणि जाऊ दे म्हणणारं घरात कोणी राहिलं नाही. राहिली ती चित्री. पांढरी, काळी, पिवळी अशी ठिगळं लावल्यासारखी दिसणारी मांजर. तिच्यावर मात्र मॅडमनी कधी आवाज चढवला नाही.

ती चित्री एका सकाळी दिसेना. वाटीतलं दूध तसंच राहिलं. मॅडम अंगणात हाका मारत होत्या तेव्हा शेजारच्या कुसुमबाई कुंपणाशी आल्या.

"मॅडम, भगवंतरावच्या मानसानं पोत्यात टाकून नेली जी. माह्या डोळ्यानं पायलं. गावातल्या तीन रंगाच्या साऱ्या मांजरी गोळा करून राह्यले. कोनी बाबा आला म्हणते. शेतात धन गाडलं हाय, तीन रंगाचा बोका कापला की ते वर येते, असं त्यानं सांगितलं."

"अन् तुमी पाहत राह्यल्या?"

"मी काय करू? मोठी मानसं."

मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली. कुसुमबाईंचा राग आला, त्या बाबाचा आला, आणि सगळ्यात जास्त भगवंतरावाचा आला, कारण हा माणूस शाळेच्या प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात रिबीन कापायला पुढे असायचा.

भगवंतरावची अडत बाजाराच्या टोकाला. मागच्या गोदामात तोंडं बांधलेली पोती ओळीने ठेवली होती आणि आतून रडणं ऐकू येत होतं. भगवंतराव खुर्चीत सुपारी कातरत बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा अमरदीप उभा होता, नुकतंच लग्न झालेला, हातावरची मेंदी अजून न गेलेला. तो मॅडमचाच विद्यार्थी. त्याला तिथे पाहून त्यांचा राग दुप्पट झाला.

"अमरदीप, तीन रंगाचा बोका काऊन नसतो? सांग. शिकवलं होतं मी तुले."

अमरदीपने मान खाली घातली. "मॅडम, ते परीक्षेसाठी होतं."

"परीक्षेसाठी!" मॅडमचा आवाज चिरकला. "मंग तुह्या बापाले मीच सांगते. काळा का पिवळा, हे ठरते एक्स गुणसूत्रावर. बोक्याले एकच एक्स, तोही आईकडून आलेला. म्हणून तो एक तर काळा, नाई तर पिवळा. मांजरीले दोन एक्स. एकावर काळा, दुसऱ्यावर पिवळा असू शकते. ती आईच्या पोटात असतानाच एकेका पेशीत त्यातला एक गप्प बसते. जिथं काळा गप्प झाला तिथं पिवळं ठिगळ, जिथं पिवळा गप्प झाला तिथं काळं. पांढऱ्याचं खातं वेगळं. तीन रंग म्हणजे मांजरीच! माही चित्री दोनदा व्याली भगवंतराव. शेपटी उचलून पाहाची अक्कल नाई तुमाले?"

"बाबा येऊन निवडतीन ना," भगवंतराव शांतपणे म्हणाले. "पन मॅडम, असा बोका एकही नसतो का?"

खोटं बोलणं मॅडमना कधी जमलं नव्हतं. "असतो. हजारांत एखादा. त्याच्यात चुकून एक एक्स जास्त आलेला असते."

भगवंतरावचा चेहरा उजळला. "पाय, मी म्हणलं नव्हतं? हजारांत एक! म्हणूनच तर बाबानं तोच मागितला. अमर, नार्नूर अन् बाजारहत्नूरलेही मानसं धाड."

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खरं सांगितलं होतं आणि त्या खऱ्यानेच आणखी पोती भरणार होती. एका पोत्यातून चित्रीचा आवाज आला. तो त्यांना हजार मांजरींतून ओळखू आला असता.

"तो बोका वांझ असते, हेही ऐकून घ्या!" त्या ओरडल्या. "त्याच्यापासून सहसा पिल्लू होत नाई."

इथवर विज्ञान होतं. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं तेव्हा त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"अन् असं निर्वंशी जनावर जो कापते, त्याच्या घरी पाळणा हालत नाई!"

अडकित्ता थांबला. भगवंतरावने मुलाकडे पाहिलं. अमरदीपला कोणी सांगावं लागलं नाही. तो धावत गेला आणि एकेक पोतं सोडू लागला. मांजरी वाट फुटेल तिकडे पळाल्या. चित्री मॅडमच्या पदरात नखं रुतवून बसली.

घरी येऊन मॅडमनी भांडी आदळली. गुणसूत्रं सांगितली तेव्हा तो सुपारी कातरत होता! शाप दिला तेव्हा पोती सुटली! जन्मभर जे तण उपटलं, तेच आज आपल्या हाताने पेरून आलो. उद्या त्या नव्या सुनेला दिवस जायला उशीर झाला, तर घरचे तिला काय काय म्हणतील? ह्या विचाराने त्यांना भगवंतरावची चीड आली आणि स्वतःची त्याहून जास्त.

संध्याकाळी कुसुमबाई आल्या. रोज थेट चुलीपर्यंत येणारी बाई आज उंबऱ्याबाहेर थांबली. हातात नारळ होता, मागे डोक्यावर पदर घेतलेली सून.

"मॅडम, तुमच्या शबदानं भगवंतरावची पोती सुटली म्हणते. माह्या सुनेचीही कूस उजवत नाई. हिच्या डोक्यावर हात ठेवता का?"

मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. काय मूर्खपणा हा, म्हणून ओरडायला त्यांनी तोंड उघडलं. तशी कुसुमबाईंनी झटकन सुनेला मागे ओढलं आणि दोन्ही हात जोडले.

"रागावू नका माय, पाया पडते. लेकराले शाप नका देऊ."

मॅडमनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओरडता आलं नाही.